फूड ट्रकसाठी ओळख हवी, पण कुणाशी?

"फूड ट्रक काढतोय" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो मेन्यूचा, दुसरा गाडीचा. तिसरा जरा आवाज उतरवून येतो: "वर कुणाशी ओळख आहे का?" ओळखी लागतात, हे खरंच आहे. पण त्या 'वर' असाव्या लागतात, हा या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

पुण्याचंच बघा. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. नगरसेवकाच्या भरवशावर बेत आखणाऱ्यांना भरवसा ठेवायला नगरसेवकच उरला नाही. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा मात्र जागेवर होता. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष आयुक्त असतात आणि किमान 40 टक्के सदस्य पथारीवाल्यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. त्यांतल्या एक तृतीयांश महिला. म्हणजे कुठे गाडी लागेल, कुठे लागणार नाही, यावर आयुक्तांसमोर बोलणारी बाई कोपऱ्यावरची भजीवाली मावशी असू शकते. तिच्याकडे आपण रोज भजी खातो, पण 'कॉन्टॅक्ट' म्हणून तिचा विचार कधी करत नाही.

याच कायद्याच्या आडोशाने आणखी एक बोलणं चालतं: "एकाचं लायसन्स पडून आहे, भाड्याने देईल." हे लायसन्स म्हणजे विक्री प्रमाणपत्र; ते भाड्याने देता येत नाही, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा आणि पोटापाण्याचं दुसरं साधन नाही असं लिहून द्यायचं, असं कलम 5 सांगतं. त्यामुळे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार ट्रक लावू पाहणाऱ्याला हे दार मुळातच बंद आहे. त्याने खासगी जागा शोधावी: कंपनीचं पार्किंग, सोसायटीचं आवार, एखाद्याचा रिकामा प्लॉट. आणि ओळख काढायची ती सोसायटीच्या सचिवाशी, कंपनीच्या ॲडमिनवाल्याशी. पहिल्याच भेटीत त्यांच्याकडे जागा मागू नये. धूर कुठे जाणार, खरकटं कोण उचलणार आणि पुढच्या मीटिंगमध्ये कोण तक्रार करणार, हे त्यांच्या डोक्यात आधीपासून असतं. त्याची उत्तरं घेऊन गेलेला माणूस लक्षात राहतो.

"बाजूचे गाडीवाले म्हणजे स्पर्धक, त्यांच्यापासून चार हात लांब राहा." हे ऐकलं की मला एक रविवार आठवतो. मित्राच्या पावभाजीच्या ट्रकवर मी गल्ला सांभाळायला बसलो होतो. रात्रीचे साडेआठ, समोर दहा-अकरा माणसांची रांग, तव्यावर भाजी रटरटतेय, आणि पाव संपले. बेकरी बंद. मित्राने नुसतं शेजारी पाहिलं. अंडाभुर्जीवाल्याने स्वतःच्या फळीवरच्या दोन लाद्या उचलून आमच्या काउंटरवर ठेवल्या आणि पुन्हा कांदा चिरायला लागला. "उद्या ठेव आणून," एवढंच म्हणाला. ट्रक रस्त्यावर यायच्या आधी तीन महिने मित्र त्याच्याकडे भुर्जी खात होता, कधीमधी प्लेटा उचलायला हात लावत होता. गर्दी किती वाजता येते, पावसात किती कमी होते, पाण्याचा जार कुणाचा वेळेवर येतो, हे सगळं त्याला तिथेच कळलं होतं.

घरचे आणि कॉलेजचे दोस्त पुरतात, असंही अनेकांना वाटतं. ते उद्घाटनाला येतात, फोटो काढतात. पण त्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 च्या निबंधात नोकऱ्यांबाबत हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 55.6 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी अधूनमधूनच भेट होत होती आणि 27.8 टक्क्यांची क्वचितच. सतत भेटणाऱ्यांमुळे नोकरी मिळालेले जेमतेम 16.7 टक्के निघाले. नोकरी आणि धंदा एक नव्हे, पण बातमी आपल्या गोतावळ्याबाहेरून येते हे दोन्हीकडे खरं.

सोशल मीडियावर फॉलोअर्स असले की झालं, असंही काहींना वाटतं; त्याचं थोडक्यात. लॉस एंजेलिसचा कोगी हा कोरियन टाको विकणारा ट्रक 2008 मध्ये सुरू झाला आणि आज गाडी कुठे उभी आहे हे ट्विटरवर सांगून गाजला. सगळे ट्विटरचं सांगतात. शेफ रॉय चोई त्याआधी कित्येक वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात राबत होता आणि ट्रकची कल्पना घेऊन आलेला भागीदार हॉटेलातला जुना सहकारी होता, हे सांगायचं राहून जातं.

आता सगळ्यात जास्त पैसे बुडवणारी समजूत: आधी गाडी घेऊ, ओळखी आपोआप होतील. जुना टेम्पो घ्यायचा, वेल्डिंगवाल्याकडून बाजू कापून खिडकी करून घ्यायची, आत ओटा, वर चिमणी. मग कळतं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. कापलेला पत्रा पुन्हा जोडायला लागणारे पैसे कुठल्याच बजेटमध्ये नसतात. म्हणून फॅब्रिकेटर निवडताना त्याचा दर नंतर विचारावा. त्याने बांधलेली आणि आरटीओतून पास होऊन रस्त्यावर आलेली गाडी आधी दाखवायला सांगावी, आणि तिच्या मालकाला गाठावं. तासभर चहा पाजलात तर तो जे सांगेल ते कुठल्याही कोर्समध्ये नाही.

गॅसचंही तेच. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यावसायिकच लागतो, बहुधा 19 किलोचा. एजन्सीचं खातं, डिपॉझिट, कागद हे सगळं आधी झालेलं असलं तरी रविवारी संध्याकाळी सिलिंडर आणून देतो तो डिलिव्हरीवाला. त्याचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं.

भाजी मार्केट यार्डातून आणायची तर तिथलाही एक बदल ठाऊक हवा. 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराच्या माथी आली. पाच किलो टोमॅटोसाठी आडत्या वक्कल, म्हणजे मालाचा अख्खा लॉट, फोडत नाही. दोन-तीन गाडीवाल्यांनी मिळून घेतलं तर परवडतं, आणि पुन्हा गाडी येऊन थांबते ती त्या भुर्जीवाल्यापाशीच.

एक ओळख मात्र आपण न शोधता आपल्याकडे चालत येते. तळणाचा धंदा असेल तर आठवड्याभरात कुणीतरी वापरलेलं तेल विकत मागायला येतो, भाव बरा देतो, पुढे ते कुठे जातं हे सांगत नाही. जुलै 2018 पासून तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की त्यात तळायचं नाही, असा एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. असं तेल बायोडिझेलसाठी नेणारे संकलक असतात. त्यातल्या एकाचा नंबर पहिला घाणा काढायच्या आधीच मोबाईलमध्ये असला, तर त्या न बोलावता आलेल्या पाहुण्याला "आधीच दिलंय" एवढं सांगून वाटेला लावता येतं.