फाटकातली गाडी

एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात लेकीचं दप्तर आणि समोर आपल्याच इमारतीचं फाटक. फाटकात एक स्कूटर आडवी, तिला टेकून दुसरी, आणि त्यांच्या पलीकडे कुणाची तरी मोटार. अंग चोरून, पदर सावरून आत शिरावं तर आरशात ओढणी नाहीतर पिशवी अडकतेच! पालघर-बोईसरकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे चित्र काही नवं नाही.

तुम्ही म्हणाल, गाड्या लावणं हे पुरुषांचं काम, त्यात आपण कशाला पडायचं? मीही असंच म्हणत होते. मागच्या पावसाळ्यातल्या एका रात्रीपर्यंत.

रात्री दीडच्या सुमारास सासऱ्यांच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. एका बाजूला एक टेम्पो उभा होता. कुणाचा ते ठाऊक नाही, कुणाला उठवायचं तेही कळेना. शेवटी भर पावसात शेजारच्या मुलांनी स्ट्रेचर उचलून नेलं. मी वर छत्री धरली होती. टेम्पोवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत चालले होते, तेवढ्यात दुसऱ्या बाजूला लक्ष गेलं. तिथं रस्ता अडवून उभी होती ती आमचीच स्कूटर! संध्याकाळी शिकवणीच्या घाईत मीच ती तशी लावली होती.

देवाच्या कृपेने सासरे बरे होऊन घरी आले. पण त्या रात्रीनंतर 'त्यांनी गाडी कुठे लावली' याआधी 'मी कुठे लावली' हे बघायची सवय मला लागली.

इतक्या गाड्या आल्या कुठून?

आपल्या गावांचे रस्ते सायकली आणि टांग्यांच्या हिशेबाचे. त्यात तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, १९६९ साली अणुविद्युत केंद्र सुरू झालं, १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचं ठिकाण झालं. विरारच्या पुढे लोकल काही पाच-पाच मिनिटांनी येत नाही. एक चुकली की ऑफिसचा लेटमार्क ठरलेला. म्हणून घरापासून स्टेशनापर्यंत प्रत्येकाला दुचाकी हवीच. शिवाय कारखान्यांच्या तीन पाळ्या! एकाची गाडी पहाटे निघते तेव्हा दुसऱ्याची परत येते.

यावर आमच्या इमारतीत आम्ही बायकांनीच एक साधा उपाय काढला. जागा माणसाच्या मोठेपणावर नाही, वेळेवर ठरवायची. ज्याची पहाटेची लोकल किंवा पहिली पाळी, त्याची गाडी फाटकाजवळ. जो उशिरा निघतो, त्याची आत भिंतीशी. जिन्याच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावून त्यावर गाडीचा नंबर, घराचा नंबर आणि फोन लिहिला. मध्यरात्री 'ही कुणाची गाडी' असं ओरडत चार मजले चढायची वेळ आता येत नाही. पहिला आठवडाभर कुरकूर झाली, मग सगळ्यांना सवय झाली.

कायदा काय म्हणतो?

'बिल्डरने ही जागा मला विकलीय' हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. याच प्रश्नावर दहिसरच्या एका सोसायटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ऑगस्ट २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्याखाली इमारतीखालची खांबांमधली जागा किंवा उघडं आवार बिल्डरला सदनिकेसारखं वेगळं विकता येत नाही. ती सामाईक जागा असते आणि तिचं वाटप सोसायटीने करायचं असतं. आदर्श उपविधींप्रमाणे गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करता येतं. यंदा एकाला जागा मिळाली तर पुढच्या वर्षी दुसऱ्याला संधी.

नवीन घर घेणाऱ्या मैत्रिणींनी आणखी एक लक्षात ठेवावं. छताखालची जागा मिळणार असेल, तर तिचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण करारात लिहिलेलं असावं, असं महारेराने २०२४ मध्ये बिल्डरांना सांगितलं आहे. सही करण्याआधी प्रत्यक्ष जाऊन बघा. खांबाच्या आड मोटारीचं दारच उघडत नसेल तर तिचा उपयोग काय? आणि हो, घराच्या कागदावर तुमचं नाव असेल तर सोसायटीच्या सभेला जात जा. दिवसभर फाटकातून ये-जा आपणच करतो, तेव्हा अडचण आपल्यालाच जास्त ठाऊक असते.

घरच्या घरी एवढं करा

१. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा. लावताना एक मिनिट जास्त जातं, पण अडीअडचणीला झटकन निघता येतं.

२. आपल्याकडचा वारा खारा. पावसाळ्यात गाडीवर घट्ट प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत ओल कोंडून गंज चढतो. वरून छप्पर असावं, खालून वारा खेळावा. साखळीला वेळच्या वेळी तेल द्या.

३. साचलेल्या पाण्यातून आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे ते कोरडे होतात. कागदपत्रं पिशवीत बंद करून ठेवा.

४. डिकीत बिस्किटं, दाणे विसरू नका. उंदीर येतात आणि खाऊबरोबर वायरीही कुरतडतात.

५. विजेवरची स्कूटर जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेत चार्ज करू नका. खिडकीतून लोंबणारी जोडवायर तर नकोच. सोसायटीला सांगून, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग बसवून घ्या.

६. स्टेशनाजवळच्या वाहनतळाची पावती गाडीत न ठेवता पर्समध्ये ठेवा. हँडलला कुलूप लावल्याशिवाय लोकलकडे धावू नका.

७. बंबाला आणि रुग्णवाहिकेला वाट हवी. फाटकापासून जिन्यापर्यंतचा पट्टा रंगवून घ्या आणि तिथे सायकलसुद्धा ठेवू देऊ नका.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यात माणसं दगावली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी रात्री उघड्यावर काढल्या. अशा वेळी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन जिना उतरायचा आणि खाली गाड्यांचा गुंता? विचार करूनच पोटात गोळा येतो. वायूचा उग्र वास आला तर आधी दारं-खिडक्या लावा, नाकाला ओलं फडकं धरा. बाहेर पडायला सांगितलं तर वारा वास घेऊन जातो त्या दिशेला न धावता, वाऱ्याला आडवं निघा. ११२, १०८ आणि १०१ हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्या.

शेवटी एक सांगते. ज्या घरी आपण साबुदाण्याची खिचडी पाठवतो, त्याच घराशी वीतभर जागेवरून अबोला धरतो. भांडण करायच्या आधी एकदा दार वाजवून बघा. 'काकू, जरा गाडी सरकवता का' एवढ्याने नव्वद टक्के काम होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

आज संध्याकाळी दिवा लावून झाला की जरा खाली जाऊन या. फाटकातून स्ट्रेचर जाईल का, तेवढं बघा. आणि आपली स्वतःची गाडी कुठे उभी आहे, ते आधी बघा हं!