वाऱ्यावर जगणारी मोटार

ऐन उन्हाळ्यात कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट ज्यांनी जुन्या मोटारीतून चढला असेल, त्यांना एक देखावा विसरणे शक्य नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, बॉनेट उघडे, आतून वाफेचे लोट निघताहेत, आणि झाडाखाली बसलेली वडीलधारी मंडळी पोरांना "लांब उभे राहा रे!" म्हणून ओरडताहेत! मग कुणीतरी डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघायचे. पाणी हेच मोटारीचे जीवन, ही आपली समजूत अशा घाटांनीच पक्की केली. तेव्हा जगातल्या एका अत्यंत नावाजलेल्या वेगवान मोटारीच्या इंजिनात तब्बल पन्नास वर्षे पाण्याचा थेंब नव्हता, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. (पुढची काच धुण्यापुरते पाणी असे, पण तो निराळा विषय.)

ही मोटार म्हणजे जर्मनीतील पोर्शे. मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीशी माझा संबंध बसची वाट पाहण्यापुरता. परंतु बारावीला माझ्या वर्गात असलेला एक विद्यार्थी इंजिनीयर होऊन गेली पंधरा वर्षे स्टुटगार्टला राहिला आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट या १९६८ पासूनच्या भगिनी-नगरी, त्यामुळे त्या गावी आपली माणसे कमी नाहीत. या पठ्ठ्याने मात्र एक जुनी मोटार बाळगली आहे. १९८३ सालची '९११ एससी'. तिच्याविषयी तो पत्रांतून, फोनवरून आणि सुटीत घरी आला की प्रत्यक्ष इतके बोलतो, की आता माझ्या घरातही तिला माणसासारखे 'ती कशी आहे?' म्हणून विचारतात.

या गाडीचे कूळ सांगितलेच पाहिजे. फर्डिनांड पोर्शे हा बोहेमियातल्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १८७५ चा. जगभर 'बीटल' म्हणून ओळखली जाणारी लहान मोटार त्याच्या कल्पनेतली. सामान्य माणसाच्या दारी गॅरेज नसते, गाडी बर्फात उघड्यावर राहणार आणि पाणी गोठले की इंजिन फुटणार. म्हणून तिचे इंजिन वाऱ्याने थंड होणारे. म्हणजे पुढे श्रीमंतांच्या हौशीचा विषय झालेली ही युक्ती मुळात गरिबाच्या सोयीची होती! महायुद्धानंतर त्याचा मुलगा फेरी पोर्शे याने ऑस्ट्रियातील ग्म्युंड या खेड्यात, एका जुन्या लाकूड-गिरणीच्या आवारात, त्याच बीटलचे भाग घेऊन १९४८ साली आपल्या नावाची पहिली मोटार उभी केली. तिचा क्रमांक ३५६. इंजिन चार सिलिंडरांचे आणि मागे बसवलेले. तेथे हातांनी ठोकून तयार केलेल्या गाड्या जेमतेम पन्नासेक. मग १९५० पासून कारखाना स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आला.

तिची धाकटी बहीण १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दिसली. नाव ठेवले होते '९०१'. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव आमचे, असा हक्क प्यूजो या फ्रेंच कंपनीने सांगितला आणि पुढच्या वर्षी शून्याचा एक झाला. बारशाला नाव बदलावे लागलेली ती मुलगी आज साठी ओलांडून गेली, तरी '९११' म्हणूनच ओळखली जाते. तिची आकृती रेखाटली फेरीच्या मुलाने, फर्डिनांड अलेक्झांडर याने. उल्म येथील रेखनकलेच्या विद्यालयात हे चिरंजीव जेमतेम वर्षभर टिकले होते. आम्ही मास्तर मंडळी असल्या गोष्टी ऐकल्या की जरा खाकरतो आणि विषय बदलतो.

आता वाऱ्याची करामत. बुलेट किंवा जुन्या राजदूतच्या इंजिनाभोवती पातळ पत्र्यांसारखे पंख असतात, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. पोर्शेच्या प्रत्येक सिलिंडरला तसेच पंख आहेत. फटफटीला समोरचा वारा मिळतो. पण ही तर मागच्या डिकीत कोंडलेली! म्हणून पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा सहाही सिलिंडरांवर वारा ढकलत राहतो. अर्धे काम वाऱ्याचे, उरलेले ऑइलचे. आपल्या लहान मोटारीत तीनसाडेतीन लिटर ऑइल मावते, हिच्यात दहाच्या वर. त्यासाठी निराळी टाकी आहे. ऑइल पाहायचे तेही उफराटे. इतर गाड्यांत इंजिन बंद करून काडी काढतात. येथे गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन चांगले तापलेले आणि चालू हवे, तेव्हाच काडी खरे बोलते. थंड इंजिनात पाहून 'कमी झाले' म्हणून ओतत बसणारा नवखा मालक हमखास जास्त भरतो.

पंखा आणि बॅटरी भरणारे यंत्र एकाच दांड्यावर आहेत. म्हणून चालता चालता बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर 'घरी जाऊन पाहू' म्हणण्याची सोय नाही. पट्टा तुटला असेल तर वारा बंद. आणि वारा बंद म्हणजे थोड्याच वेळात इंजिनाचे बारा वाजले! पाठीमागच्या चाकांच्याही मागे एवढे वजन लोंबकळत असल्याने वळणात भलत्या वेगाने शिरून घाबरून एकदम पाय उचलला, की गाडीची पाठ पुढे यायला पाहते. "वेग वळणाच्या आधी कमी करायचा, सर. आत गेल्यावर विचार बदलायचा नाही," असे आमचे चिरंजीव सांगतात.

देखभाल हा त्याच्या आवडीचा अध्याय. बारा व्हॉल्व्हचे टॅपेट ठराविक अंतराने हाताने जुळवावे लागतात. फट किती? मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे तुमच्या हातातल्या वहीच्या कागदाएवढी. इंजिन रात्रभर गार झालेले हवे. मग सिलिंडर पेटण्याचा क्रम धरून एकेक घ्यायचा: एक, सहा, दोन, चार, तीन, पाच. हा क्रम तो असा म्हणतो, की मला वृत्तांचे गण पाठ करणारी मुले आठवतात. टॅपेट थोडे वाजत असले तर हरकत नाही. अगदी गप्प झाले तर काळजी. फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आपली उष्णता सोडू शकत नाही आणि जळून जातो.

तिचे दोषही त्याला तोंडपाठ आहेत. इंजिनातील साखळ्या ताणून धरणारा जुना भाग दगा देतो. कारखान्याने १९८४ च्या गाड्यांपासून त्याला इंजिनाच्या ऑइलचा दाब दिला, आणि शहाणे मालक तोच नवा भाग जुन्या गाड्यांत बसवून घेतात. दुसरा दोष प्लॅस्टिकच्या हवापेटीचा. थंडीत सुरू करताना इंजिन उलटे शिंकले, तर ही पेटी फुटते. त्यावर उपाय कुणाही गृहिणीला सुचावा असा: पेटीला भोक पाडून एक झडप बसवायची. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्हच म्हणा ना! हिवाळ्यात आत ऊब येते तीही एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेल्या हवेची. तिला ऑइलचा वास असतो. त्याच्या पत्नीला तो वास सुरुवातीला मुळीच खपत नव्हता.

ही मोटार खरे म्हणजे १९८१ सालीच संपायची होती. कंपनीने पुढे इंजिन असलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या नव्या मोटारी काढल्या होत्या, आणि जाणत्यांच्या मते जुनीचे दिवस भरले होते. त्या वर्षी पीटर शुट्झ हा नवा प्रमुख आला. बर्लिनमध्ये जन्मलेला, पण नाझी राजवटीमुळे लहानपणीच कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत वाढलेला हा गृहस्थ. मुख्य इंजिनीयर हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक मोटारीची पुढल्या वर्षांची रेघ त्यावर काढलेली. ९११ ची रेघ १९८१ ला थांबलेली. शुट्झने लेखणी उचलली आणि ती रेघ तक्त्याच्या काठापर्यंत, तेथून भिंतीवर आणि थेट दारापर्यंत ओढत नेली! आमच्या विद्यार्थ्याची गाडी १९८३ ची, म्हणजे त्या भिंतीवरच्या रेघेतच जन्मलेली.

शेवट आला तो १९९८ मध्ये. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक झाले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे, तर नुसत्या वाऱ्याने ते डोके थंड राहणे कठीण. पाण्याची ९११ आदल्या वर्षीच आली होती. २७ मार्चला फेरी पोर्शे वारले आणि वाऱ्यावरची शेवटची ९११ त्याच महिन्याच्या अखेरीला कारखान्यातून बाहेर पडली. नवी गाडी अधिक वेगवान आणि अधिक भरवशाची आहे, हे जुनीचे भक्तही मान्य करतात. पण मान्य केल्याने प्रेम कमी होते थोडेच?

उलट भाव वाढले, आणि तेथेच आमच्या विद्यार्थ्याची अडचण सुरू झाली. बारा वर्षांपूर्वी नव्या मध्यम मोटारीच्या पैशांत घेतलेल्या या गाडीला आज दुप्पट देणारे गिऱ्हाईक दाराशी आहे. इकडे स्टुटगार्टात घर घ्यायचे चालले आहे, आणि बँकेला दाखवायच्या रकमेत नेमकी तेवढीच तूट. मला विचाराल तर घर आधी. तसे मी त्याला सांगितलेही. मात्र गिऱ्हाईक गाडी चालवणार नाही, कापड घालून ठेवणार, हे ऐकल्यावर माझाही आवाज थोडा खाली आला. न चालवता ठेवलेल्या या इंजिनाची रबरे सुकतात, ऑइल झिरपू लागते; आणि तो वारा फेकणारा पंखा गप्प बसला, तर उरले काय?

तिकडे तीस वर्षांपलीकडच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते आणि वर्षाचा कर ठरीव, १९१ युरोंच्या आसपास. पाटी मोसमापुरतीही घेता येते. त्याची गाडी मार्च ते ऑक्टोबर रस्त्यावर असते, बाकीचे महिने गॅरेजात झोपते. घराचा निर्णय मार्चपर्यंत लांबला आहे. झोपवण्यापूर्वी जुने ऑइल काढून नवे भरायचे असते, म्हणजे जुन्यातले आम्ल हिवाळाभर आतील धातूला खात नाही. यंदा त्याची तेरा वर्षांची मुलगी खाली पडून नटबोल्ट सैल करीत होती. घरखर्चाची वही त्याच्या पत्नीकडे असते. ऑइलची पावती तिने कुठे लिहिली, म्हणून मी सहज विचारले. "किराण्यात, सर," तो म्हणाला.