जुन्या युनिक्सवर एडिटर घडविताना : यंत्राला विचारा, नावावर जाऊ नका

मोबाइलवर अॅप उतरवून घेतले की ते चालू लागते, याची सवय आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगात मात्र दीर्घकाळ वेगळी रीत होती. तेथे प्रोग्रॅम बहुधा तयार स्वरूपात मिळत नसे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, हाती पडत असे आणि ती आपल्या यंत्रावर कंपायलरच्या साह्याने घडवून घ्यावी लागे. एखाद्या प्रयोगशाळेतील महागडे उपकरण तीस वर्षांपूर्वीच्या युनिक्स यंत्रालाच जोडलेले असेल आणि त्यावर सोयीचा टेक्स्ट एडिटर हवा असेल, तर आजही बहुतेक वेळा हाच मार्ग उरतो. या मार्गावरील पहिला आणि सर्वांत निर्णायक टप्पा म्हणजे ‘कॉन्फिगर’.

एक नाव, अनेक घराणी

युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. पुढे बर्कली येथील विद्यापीठाने तिला वेगळे वळण दिले, तर निरनिराळ्या कंपन्यांनी सनओएस, एचपी-यूएक्स, एआयएक्स, आयरिक्स अशा स्वतःच्या आवृत्त्या बाजारात आणल्या. नाव युनिक्सचे असले तरी प्रत्येकीच्या सवयी निराळ्या होत्या. एकीत असलेले फंक्शन दुसरीत नसे; असलेच तर त्याचे वागणे वेगळे असे.

एडिटरला याचा त्रास सर्वाधिक होई. फाइल, स्मृती, कळफलक आणि पडदा या साऱ्यांशी त्याचा थेट संबंध येतो. बिल जॉय यांनी बर्कली येथे सत्तरच्या दशकात ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, तेव्हा निरनिराळ्या टर्मिनलांच्या तऱ्हा नोंदवून ठेवण्यासाठी ‘टर्मकॅप’ नावाची स्वतंत्र यादीच त्यांना तयार करावी लागली. व्हीआयचा वारसा सांगणारा ‘व्हिम’ हा ब्राम मोलेनार यांचा एडिटर 1991 मध्ये आमिगा संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि नंतर युनिक्सवर आला. तेव्हा हे सारे प्रश्न त्याच्याही वाट्याला आले.

नाव नको, गुण सांगा

आरंभीच्या काळात यावरचा उपाय हातानेच करावा लागे. ‘ईमॅक्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध एडिटरच्या जुन्या आवृत्त्यांत, यंत्र कोणते आणि कार्यप्रणाली कोणती हे पाहून त्या त्या नावाच्या फाइलींचा उल्लेख वापरणाऱ्याने ‘कॉन्फिग.एच’ या फाइलीत करावयाचा असे. नवे यंत्र आले की नवी फाइल हवी. कंपनीने कार्यप्रणाली सुधारली की जुनी फाइल खोटी ठरे.

1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ग्नू प्रकल्पासाठी ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन लिहिण्यास आरंभ केला. त्यामागील विचार साधा आहे : यंत्राच्या नावावर विश्वास ठेवू नये, यंत्रालाच विचारावे. ऑटोकॉन्फने तयार केलेली ‘कॉन्फिगर’ ही पटकथा एकामागून एक चिमुकले सी प्रोग्रॅम लिहिते, ते कंपाइल होतात का आणि चालवल्यावर काय उत्तर देतात ते पाहते आणि निष्कर्ष ‘कॉन्फिग.एच’ मध्ये नोंदवते. एडिटरची संहिता त्या नोंदींनुसार योग्य तो भाग निवडते.

व्हिमची प्रश्नावली पाहिली, तर तिच्यात जुन्या युनिक्सच्या खोडींचा इतिहासच सापडतो. ‘टूअपर’ हे फंक्शन लहान इंग्रजी अक्षराचे मोठे अक्षर करते. काही जुन्या प्रणालींत ते अक्षर मुळात लहान आहे का, हे न तपासताच ठरावीक संख्या वजा करी. त्यामुळे आधीच मोठ्या असलेल्या ‘ए’चे भलतेच चिन्ह होई. म्हणून ‘ए’ देऊन ‘ए’च परत येतो ना, हे कॉन्फिगर विचारून घेते. दुसरा प्रश्न स्मृतीतील मजकूर सरकवण्याचा. ओळीतील एक अक्षर पुसले की उरलेली ओळ डावीकडे सरकते, म्हणजे जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर येतात. हे काम बिनचूक करणारे ‘मेममूव्ह’ फंक्शन सनओएस 4 मध्ये नव्हतेच. पर्यायी फंक्शन तपासल्याविना वापरले, तर वापरणाऱ्याचा मजकूर निमूटपणे बिघडण्याचा धोका असतो.

प्रत्यक्षात काय करावे

जुन्या यंत्रावर पहिला अडथळा बहुधा टर्मिनलच्या ग्रंथालयाचा येतो. ‘टीगेटएंट’ सापडले नाही, असे सांगून कॉन्फिगर थांबते. अशा वेळी ‘विथ-टीलिब’ या पर्यायापुढे त्या यंत्रावरील ग्रंथालयाचे नाव द्यावे लागते. खिडक्यांचा पडदा नको असल्यास ‘डिसेबल-जीयूआय’ आणि ‘विदाउट-एक्स’ हे पर्याय कामी येतात. स्मृती तोकडी असेल, तर ‘विथ-फीचर्स’ पुढे ‘टायनी’ लिहिता येते. व्यवस्थापकाचे अधिकार नसतील, तर ‘प्रीफिक्स’द्वारे एडिटर स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवावा आणि मूळ व्हीआयला हात लावू नये. नवी बांधणी फसली, तर तोच आधार असतो.

काही बिघडले तर पडद्यावरील शेवटच्या ओळीवर न जाता ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावी. कोणता प्रश्न विचारला, कोणता छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कंपायलरने कोणती तक्रार केली, हे सारे तीत असते. एका यंत्रावरील उत्तरे साठवणारी ‘कॉन्फिग.कॅश’ फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊ नये. तसे केल्यास एकाची उत्तरे दुसऱ्याच्या माथी मारली जातात.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते. व्हिमच्या जुन्या आवृत्त्यांत बहुबाइट अक्षरांची सोय हा वेगळा पर्याय होता आणि तो ‘टायनी’ बांधणीत नसे. तो मागून घेतला नाही, तर एका अक्षराची तीन निरर्थक चिन्हे दिसतात.

जुने सोडण्याची किंमत, न सोडण्याचीही

एवढे सगळे जपण्याचा भार कोणी उचलावयाचा, हा खरा प्रश्न आहे. 1989 मध्ये सी भाषेचे प्रमाण ठरले, पण सनओएस 4 सोबत मिळणारा कंपायलर त्याआधीच्या वळणाचा होता. त्याच्यासाठी व्हिमने आपल्या हजारो फंक्शनांच्या घोषणा एका विशेष आवरणात गुंडाळल्या होत्या. 2016 च्या आरंभी ते आवरण काढून टाकण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या व्हिम 8.0 पासून प्रमाण सी अनिवार्य झाली. संहिता सुटसुटीत झाली. जुन्या यंत्रांना मात्र 7.4 वर थांबावे लागले किंवा आधी नवा कंपायलर मिळवावा लागला.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. कॉन्फिगर पटकथा इतकी लांबलचक असते की, ती सहसा कोणी वाचत नाही. या अडगळीचा फायदा घेऊन ‘एक्सझेड’ या संकोचन साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट दडविण्यात आली होती. ती कार्यान्वित करणारा तुकडा बांधणीच्या याच यंत्रणेत होता. संगणकात प्रवेश करताना होणाऱ्या किंचित विलंबाचा माग काढत आंद्रेस फ्रॉइंड यांनी 29 मार्च 2024 रोजी तो उजेडात आणला.

मोलेनार यांचे ऑगस्ट 2023 मध्ये निधन झाले आणि व्हिमचे काम आता स्वयंसेवकांचा गट पाहतो. मोजक्या हातांनी प्रत्येक जुन्या प्रणालीची खोड कायमची सांभाळावी, अशी अपेक्षा धरता येणार नाही. त्यामुळे ज्यांचे काम अद्याप जुन्या युनिक्सवर अवलंबून आहे, त्यांनीच तरतूद करून ठेवलेली बरी. चालणाऱ्या आवृत्तीची मूळ संहिता, ती घडविणारा कंपायलर, वापरलेले पर्याय आणि यशस्वी बांधणीची कॉन्फिग.लॉग यांची प्रत यंत्राबाहेर सुरक्षित ठेवावी. तबकडी निकामी झाल्यावर नव्याने शोधाशोध करावी लागली, तर त्यात दिवस जातात आणि तोवर उपकरणही बंद राहते.