विश्लेषण : बॅटरीच्या सिलिकॉनमधील ऑक्सिजन मोजणे महत्त्वाचे का?

मळवलीहून लोहगडवाडीचा चढ विजेवरच्या गाडीने चढताना बॅटरीची टक्केवारी भराभर उतरते. वजन न वाढवता बॅटरीत जास्त वीज साठवायची, तर तिच्या ॲनोडमधील, म्हणजे ऋणाग्रातील, ग्राफाइटमध्ये सिलिकॉन मिसळणे हा एक उपाय आहे. मात्र त्या सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन किती, हे नेमके ठाऊक असावे लागते.

सिलिकॉनच का?

१ ग्रॅम ग्राफाइटची साठवणक्षमता जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास असते. सिलिकॉनची सुमारे ३,५००. पण लिथियम शोषताना सिलिकॉनचे आकारमान जवळपास चौपट होते. कणांना तडे जातात आणि बॅटरी लवकर थकते.

ऑक्सिजनने काय साधते?

शुद्ध सिलिकॉनऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड वापरल्यास फुगणे कमी होते. त्यात वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. मात्र पहिल्याच चार्जिंगमध्ये हा ऑक्सिजन लिथियमला बांधून ठेवतो. १ ग्रॅम ऑक्सिजनचे लिथियम ऑक्साइड झाले, तर सुमारे ०.८७ ग्रॅम लिथियम कायमचे अडकते. काही ऑक्सिजन लिथियम सिलिकेटमध्ये जातो. तिथेही लिथियम वाया जातेच. हा तोटा आधीच हिशेबात धरावा लागतो.

मोजतात कसे?

काही मिलिग्रॅम भुकटी निकेलच्या डबीत बंद करून ग्राफाइटच्या मुशीत टाकतात. हेलियमच्या प्रवाहात तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर नेतात. सुटलेला ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावतो आणि तयार झालेला वायू अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजला जातो. पोलादातील ऑक्सिजनही असाच तपासतात; पण तिथे तो दशलक्षात काही भाग इतकाच असतो. त्यामुळे सिलिकॉन ऑक्साइडसाठी नमुना कमी घ्यावा लागतो आणि यंत्राचे प्रमाणीकरणही जास्त ऑक्सिजन असलेल्या पदार्थाने करावे लागते.

चूक कुठे होते?

बऱ्याचदा यंत्राआधीच. सिलिकॉनची बारीक भुकटी हवेत उघडी राहिली, की कणांवर ऑक्साइडचा थर चढतो. मावळातल्या पावसाळी हवेसारख्या दमटपणात ती ओलावाही धरते आणि पाण्यातला ऑक्सिजन आकडा फुगवतो. म्हणून नमुना कोरडा करून आर्गॉन वायूच्या बंद पेटीत भरतात.

पुण्यातील सी-मेटसारख्या संस्थांत लिथियम-आयन बॅटरीच्या साहित्यावर संशोधन होते. अशी भुकटी घेणाऱ्याने ऑक्सिजनच्या टक्केवारीबरोबरच नमुना कसा हाताळला, हेही विचारायला हवे.