आधी नवऱ्याची तपासणी करा

मूल होत नसलं की आमच्या लॅबच्या काउंटरवर बायकोच्या रिपोर्टांची जाडजूड फाइल आधी येते, नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यांत शेवटी. वास्तविक हीच तपासणी सोपी. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना तासाभरात पोचवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली मी संख्या, हालचाल आणि आकार पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा आहे. आकडा त्याखाली गेला म्हणजे मूल होणारच नाही, असं मात्र नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू, सिगारेट, दारू सोडायची ती मूल हवं त्याच्या किमान तीन महिने आधी. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. फाउंड्रीत भट्टीपुढे राबणाऱ्यांनी आपलं काम डॉक्टरांना आवर्जून सांगावं. जिमवाल्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांपासून लांब राहावं. दंड फुगतात, पण शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

एका रिपोर्टवर हबकू नका, तपासणी पुन्हा करा. वर्षभरात, पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून डॉक्टर गाठा.