प्रयोगशाळेतून थिअरीकडे वळायचंय? पीएचडीच्या अर्जात काय दिसायला हवं?

एमएस्सीचा प्रोजेक्ट प्रयोगशाळेत झाला, पण पीएचडी थिऑरेटिकल फिजिक्समध्ये करायची आहे. असं वळता येतं का?

येतं. जेस्ट या प्रवेश परीक्षेचा पेपर दोघांना एकच असतो. चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची एचआरआय या थिअरीवर भर असलेल्या संस्था तिचे गुण ग्राह्य धरतात. खरा कस मुलाखतीत लागतो. तिथे क्वांटम मेकॅनिक्सचं गणित फळ्यावर सोडवून दाखवावं लागतं.

अमेरिकेत काय?
तिथे बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते आणि साधारण 3 शिफारसपत्रं लागतात. तिन्हींत फक्त उपकरणं हाताळण्याचं कौतुक असेल, तर अर्ज कमकुवत ठरतो. किमान एक पत्र तुमचं गणिती काम पाहिलेल्या प्राध्यापकांचं हवं. त्यासाठी काही महिने आधीच त्यांच्याकडे छोटा थिअरी प्रोजेक्ट पूर्ण करा.

प्रयोगाचा अनुभव लपवायचा का?
अजिबात नाही. थिअरीच्या जागा कमी असतात. 'प्रयोग जमले नाहीत म्हणून इकडे' असा सूर लागला, की अर्ज मागे पडतो. मोजमाप करताना पडलेला कोणता प्रश्न तुम्हाला समीकरणांकडे घेऊन गेला, ते एसओपीत नेमकं लिहा.