साठीच्या पुढचे त्यात किती होते?

“मला गुण आला, तुम्हीही घ्या.” नर्सच्या नोकरीत हे वाक्य मी रोज ऐकले. पण तो माणूस औषधाविनाही बरा झाला असता का, हे एकट्यावरून कसे कळणार?

इथे बहरीनमध्ये २०२० साली सायनोफार्म लशीची चाचणी झाली, तिचेच उदाहरण घेऊ. हजारो स्वयंसेवक पुढे आले. हीच चाचणी अमिराती, इजिप्त आणि जॉर्डनमध्येही चालू होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे तीन गट पाडले. दोन गटांना दोन वेगवेगळ्या लशी दिल्या आणि तिसऱ्याला लस नसलेली सुई. कुपीत काय आहे हे टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नसते. हे फार चांगले, कारण आमच्या चेहऱ्यावरूनही रुग्ण बरेच काही ओळखतात!

आता गंमत पाहा. शास्त्रज्ञ सुरुवातीला असे धरून चालतात की लशीचा काहीच उपयोग नाही. कोर्टात गुन्हा शाबित होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानतात ना, तसेच. लस निरुपयोगी असेल तर प्रत्येक गटात साधारण सारखेच लोक आजारी पडायला हवेत. गट जवळजवळ सारखेच होते, प्रत्येकात बारा हजार सातशेच्या आसपास माणसे. दुसऱ्या सुईनंतर चौदा दिवसांनी मोजणी सुरू झाली. लस नसलेल्या गटात ९५ जणांना करोना झाला, लशींच्या गटांत २६ आणि २१ जणांना. निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी निघाली. म्हणून “उपयोग नाही” हे गृहीत सोडून दिले. २१ वाली लस, म्हणजे बहरीनने घेतलेली, सुमारे ७८ टक्के परिणामकारक ठरली.

पण हे आकडे कोणाचे? स्वयंसेवकांचे सरासरी वय छत्तीस, आणि शंभरात चौऱ्यांशी पुरुष. साठीच्या पुढचे अगदी थोडे. ज्येष्ठांना लस लागू पडत नाही असे काही सिद्ध झाले नव्हते. ठरवण्याइतकी माणसेच नव्हती. दहा जणांत एक आजारी पडला काय अन् दोन पडले काय, त्यावरून काय सांगणार?

२०२१ च्या मध्यावर बहरीनने ही लस घेतलेल्या पन्नाशीपुढच्यांना आणि जुनाट आजार असलेल्यांना फायझरचा जादा डोस देऊ केला. त्याच ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही साठीपुढच्यांना तिसरा डोस द्यावा असे सांगितले. लस वाईट ठरली म्हणून नव्हे, आपल्या वयाला दोन डोस पुरत नाहीत म्हणून.

नवी गोळी लिहून दिली की डॉक्टरांना विचारा: कशाशी तुलना केली? किती जणांवर? त्यात आमच्या वयाचे किती? उत्तर मिळेपर्यंत चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. गुडघ्याच्या नव्या औषधाबद्दल मीही हेच विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, “सिस्टर, बघून सांगतो.” आणि पुढच्या खेपेला खरेच कागद घेऊन बसले.